सात दगडाबाई, चार ओळी

जे चार ओळींत मावतं ते पसरून लिहिणं हा संस्कारांचा अभाव होय. कर्जत तालुक्यातल्या चिंचखडी ग्रामपंचायतीचा संगणकचालक बिभीषण याच्यावर हे संस्कार तिसाव्या वर्षी झाले, तेही मोबाईलवर, 'पायथनच्या दहा सोप्या युक्त्या' हा व्हिडिओ बघून.

त्याआधी दोन उन्हाळे त्याचा दोनशे बारा ओळींचा पायथन प्रोग्रॅम टँकरची यादी काढत होता. एकशे त्रेचाळीस घरं, प्रत्येकी दोन टिपाडं पाणी. यादी बिनचूक निघायची (एवढा गुण सोडला तर त्यात कौतुकासारखं काही नव्हतं). व्हिडिओतला माणूस म्हणाला, असा लांबलचक कोड लिहिणाऱ्यांना लाज वाटायला हवी. बिभीषणला लगेच वाटली.

पहिल्या दिवशी त्यानं यादीतलं मधलं नाव आणि आडनाव काढलं. अनावश्यक तपशील. दुसऱ्या दिवशी त्याला 'सेट' नावाची युक्ती सापडली. यादीभोवती हा एक शब्द लिहिला, की सारख्या नोंदींपैकी एकच उरते. तिसऱ्या दिवशी त्यानं 'चूक झाल्यास न बोलता पुढे जावे' अशा अर्थाची ओळ घातली. एकूण चार ओळी झाल्या. जुना प्रोग्रॅम त्यानं कायमचा पुसला, कारण स्वच्छतेत अर्धवटपणा चालत नाही.

ग्रामसेवक राधाकृष्ण भाऊसाहेबांनी त्या चार ओळी फ्रेम करून भिंतीवर लावल्या आणि 'स्वच्छ कोड ग्राम' स्पर्धेत गावाचं नाव नोंदवलं.

सोमवारी टँकर आला आणि यादी अठ्ठावन्न घरांत संपली. म्हणजे गावाची पाण्याची गरज एका सकाळी एकोणसाठ टक्क्यांनी घटली. एवढं यश धरणांनाही आलेलं नाही.

रेशनकार्डावर घरची बाई कुटुंबप्रमुख असते, म्हणून यादी बायकांच्या नावानं होती. गावात दगडाबाई सात. आधीची लेकरं जगली नाहीत, ही तरी दगडासारखी टिकावी, म्हणून आयांनी ठेवलेलं नाव. सातही जणी टिकल्या. यादीत एक टिकली.

न टिकलेल्यांत बिभीषणची आई होती. ती रिकामी घागर घेऊन थेट कार्यालयात आली.

"बिभीषणा, माजं नाव कुटं गेलं रं?"

"आई, हाय की. ही बघ, दगडाबाई."

"ती मी हाय का?"

बिभीषणनं पडद्याकडे पाहिलं. पडद्यावर एकही चूक दिसत नव्हती.

"ते... त्याला सांगता येत न्हाई."

"तुला येतंय का सांगता?"

भाऊसाहेब मध्ये पडले. "मावशी, गैरसमज नको. तुम्ही सात जणी आता तांत्रिकदृष्ट्या एकच आहात."

"व्हय का? मग त्या एकीनं पानी पिलंय, तर माजी तहान का ग्येली न्हाई, भाऊसाहेब?"

या मुद्द्यावर व्हिडिओत काही नव्हतं.

आई रिकामी घागर घेऊन परतली. बिभीषणनं तिची पाठ बघितली. त्यानं शंभर पानी वही घेतली आणि दारोदार फिरून प्रत्येकीचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव, घरात माणसं किती, सगळं लिहून काढलं. पाठीला रग लागली. नऊ दिवस गेले.

वही बघून भाऊसाहेब हादरले. "एवढं लांब? स्पर्धेची समिती उद्या येणार आहे!" शेवटी तडजोड झाली. चार ओळी भिंतीवर राहतील, वही टँकरसोबत जाईल. समितीनं भिंत पाहिली, चहा घेतला, पहिलं बक्षीस दिलं. त्याच दुपारी टँकरवाल्या मुजफ्फरनं वहीत बघून एकशे त्रेचाळीस घरांत पाणी ओतलं. बिभीषणच्या आईनं दोन्ही टिपाडं भरून घेतली आणि लेकाला जेवायला वाढलं, पण त्याच्याशी बोलली मात्र आठवड्यानं.

ही हकीकत सांगताना वाचकांच्या सोयीसाठी सातांपैकी एकच दगडाबाई ठेवली आहे. बाकीच्या पाच जणींनी ते नऊ दिवस पाणी कुठून आणलं, हे विचारावंसं तुम्हाला वाटलं नाही. त्याअर्थी कथा पुरेशी स्वच्छ झाली आहे. (पाच की सहा, हेही तुम्ही मोजलं नसेलच.)