सर्दीले ही गाडी जात नाही

आमच्या लेआउटमध्ये, म्हणजे आमच्या वसाहतीत, गोळ्यांचं रिकामं पाकीट कुणी कचऱ्यात टाकत नाही. ते आधी उकंडराव काकाजींना दाखवायचं असतं. ते पाकीट उजेडाकडे धरणार, उलटंसुलटं करणार, फुटलेला एकेक खळगा अंगठ्याने चाचपणार आणि मग मान हलवणार. मान हलली की तुम्ही बरे झालात. तोवर डॉक्टरांनी काहीही सांगितलेलं असो, तुम्ही आजारीच.

डोकेदुखीच्या किंवा पित्ताच्या गोळ्यांकडे ते ढुंकूनही पाहत नाहीत. त्यांचा जीव अडकलेला असतो तो फक्त अँटिबायोटिकमध्ये. तिला ते ‘कोर्सची गोळी’ म्हणतात, आणि म्हणताना आवाज जरा खाली आणतात, घरातल्या वडीलधाऱ्यांबद्दल बोलावं तसा.

अकरा वर्षांपूर्वी बदली होऊन मी राळेगावच्या शाळेत आले आणि त्यांच्या भिंतीला लागून असलेलं घर भाड्याने घेतलं. पहिल्याच हिवाळ्यात घसा धरला. बाईंचा आवाज गेला की वर्ग पोरांच्या ताब्यात जातो, म्हणून लगोलग दवाखाना गाठला. पाच दिवसांच्या गोळ्या मिळाल्या, सकाळ-संध्याकाळ. चौथ्या दिवशी सकाळी आवाज परत आला, तेव्हा उरलेल्या चार गोळ्या पुढे कामी येतील म्हणून मी फ्रीजवरच्या डब्यात टाकल्या. असा डबा प्रत्येक घरात असतो. त्यात सुई-दोरा असतो, रबर असतात, कुठली ते आठवत नाही अशी एक किल्ली असते आणि कुणाच्या तरी अर्ध्या आजारातल्या गोळ्या असतात.

त्याच संध्याकाळी दारात एक उंच, काटकुळे गृहस्थ येऊन उभे राहिले. ना ओळख ना पाळख.

“तुमचा आवाज आज भिंतीतून आला, बाई,” ते म्हणाले. “पाकीट दाखवा.”

मी इतकी गोंधळले की मुकाट्याने डबा आणून दिला. त्यांनी चार गोळ्या मोजल्या आणि बिनतिकीट प्रवाशाकडे पाहावं तसं माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, “तिकीट राळेगावचं काढलं, अन् मधातच कळंबले उतरता?”

मला आता बरं वाटतंय, असं मी सांगून पाहिलं.

“बरं तुमाले वाटते. जंतूले इचारलं काय? थे मांगच्या सीटवर बसून राह्यतात चुपचाप. तुमी उतरल्या की गाडी त्यायचीच.”

सकाळची चुकली म्हणून आता दोन एकदम घ्यायच्या नाहीत, एकच घ्यायची, हेही त्यांनी बजावलं. मी जेवलेले नाही हे कळल्यावर घरी गेले आणि अर्धी भाकर व वांग्याची भाजी घेऊन आले. मी ती खाल्ली, गोळी घेतली, पाणी प्यायले, मगच ते गेले. माझ्या सख्ख्या मामाने माझ्यावर एवढी हुकमत कधी गाजवली नव्हती.

काकाजी कंडक्टर होते. तीस-बत्तीस वर्षं यवतमाळ ते राळेगाव आणि पुढची खेडी एवढाच त्यांचा मुलूख. त्या काळी खेड्यांत मेडिकलचं दुकान नव्हतं. डॉक्टरची चिठ्ठी सकाळच्या गाडीने कंडक्टरच्या हाती यवतमाळला जायची आणि औषध संध्याकाळच्या गाडीने परत यायचं. बाकीचे कंडक्टर पुडी खिडकीतून देऊन घंटी मारत. काकाजींना ते जमेना. ते बसस्टँडजवळच्या मेडिकलवाल्याला प्रत्येक गोळीची जन्मकुंडली विचारत. ही कशासाठी, जेवणाआधी की नंतर, दुधासोबत चालते का, हिने काय त्रास होतो. मग गाडी फाट्यावर थांबली की पायरीवर उभे राहून पुडी देत आणि सगळं मोठ्याने सांगत. सांगून झाल्याशिवाय घंटी वाजत नसे. त्या मार्गावरच्या रोजच्या प्रवाशांना एकमेकांचे आजार तोंडपाठ झाले होते.

एवढ्यावर भागलं असतं तर ठीक. पण दोन दिवसांनी तोच फाटा आला की ते दारातून चौकशी करत, आणि चौकशी त्रासांची करत. एकदा एका घरची नवी सून फाट्यावर पदर घेऊन, सासऱ्यासोबत उभी होती. काकाजींनी भरल्या गाडीच्या दारातून विचारलं, “पातळ होऊन राह्यलं काय हो?” ती पोरगी जी पळाली ती थेट वावरात. काकाजी सासऱ्याला सांगत राहिले की थोडं पातळ झालं तं भिऊ नका, पाणी पाजा, लई झालं तं डॉक्टरकडे न्या, पण अंगावर पुरळ उठलं, तोंड सुजलं किंवा धाप लागली तर गोळी बंद आणि तडक दवाखाना, “तिथं माह्यावालं काही चालत नाही.”

हसायला येतं, पण एक गोष्ट ऐकल्यापासून मी जपून हसते. एका खेड्यातल्या म्हातारीसाठी आणलेलं औषध त्यांनी एकदा दिलंच नाही. म्हातारीचा मुलगा फाट्यावर हात पुढे करून उभा, आणि हे म्हणतात, नाही देत. तीन वर्षांपूर्वी हीच गोळी घेऊन म्हातारीचे ओठ सुजले होते, हे तिच्या घरचे विसरले होते, काकाजी विसरले नव्हते. डॉक्टरला का सांगितलं नाही, तर डॉक्टरांनी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी ते स्वतः डॉक्टरकडे गेले आणि गोळी बदलून आणली. ही हकिकत सांगताना ते स्वतःची बढाई मारत नाहीत. म्हातारीचे ओठ किती सुजले होते तेवढं हाताने दाखवतात.

निवृत्तीनंतर गाडी गेली, सायकल आली, आणि आमचा लेआउट त्यांच्या तावडीत सापडला. आमचे मुख्याध्यापक शिंक आली की मेडिकलमधून स्वतःच्या मनाने अँटिबायोटिक घेत. काकाजींनी त्यांना पानठेल्यावर गाठलं आणि चार लोकांत सांगितलं, “सर, सर्दीले ही गाडी जात नाही. सर्दी पायी येते, पायीच जाते.” समोरच्या कमलाबाईंनी तर स्वतःच्या उरलेल्या गोळ्या खोकणाऱ्या बकरीला चारल्या होत्या. त्यावर काकाजी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले आणि बकरीची तब्येत विचारून गेले.

हे सगळं आम्ही चेष्टेवारी नेत होतो. कुणी औषध आणलं की आम्ही म्हणायचो, ‘चेकिंग येईल बरं.’ चेकिंग यायचंच. आल्यावर ते पाकीट पाहायचे, चहा घ्यायचे, गाडीवरच्या दोन गोष्टी सांगायचे आणि निघायचे. त्यांच्या घरी मात्र कुणी जात नसे. जायचं कारणच काय? काकू सहा वर्षांपूर्वी गेल्या. मुलगा सुरतला, त्याचा रविवारी फोन येतो. काकाजींना कधी साधा तापही येत नसे.

मागच्या फेब्रुवारीत मात्र वेगळं घडलं. ते भावाच्या वावरात गेले होते. कापूस निघून गेलेला, पऱ्हाटी कापलेली, आणि तिचा एक टोकदार खुंट त्यांच्या चपलेतून आरपार अंगठ्यात घुसला. काकाजींना साखरेचा आजार. डॉक्टरांनी जखम साफ केली, सात दिवसांच्या गोळ्या दिल्या, सकाळी एक, संध्याकाळी एक, अशा चौदा. आणि सांगितलं की साखरेचा पाय आहे, हयगय झाली तर अंगठा हातचा जाईल.

लेआउटला सूड घ्यायची संधी मिळाली. सकाळची पाळी मी घेतली, शाळेआधी. संध्याकाळची कमलाबाईंनी, डबा घेऊन. मी दारातूनच ओरडायचे, “काकाजी, पाकीट दाखवा.” ते बाजेवर पाय उशीवर ठेवून बसलेले असत. हात उंच करून पाकीट लांबूनच हलवायचे आणि म्हणायचे, “घेतली बाई, घेतली.” मग गोष्टी सुरू. पहिल्या दिवशी मी पाच मिनिटं बसले. चौथ्या दिवशी अर्धा तास झाला आणि शाळेची घंटा चुकली. काकू गाडीत बसल्या की हे त्यांचंही तिकीट कसं फाडायचे आणि त्या दिवसभर कशा फुगून बसायच्या, ते त्यांनी मला इतकं रंगवून सांगितलं की मला त्या बाई पुन्हा डोळ्यांपुढे दिसल्या. त्या गेल्यापासून सहा वर्षांत त्यांनी मला काकूंबद्दल काही सांगितलं नव्हतं. खरं तर मी विचारलं नव्हतं.

आठव्या दिवशीही त्यांनी पाकीट हलवून दाखवलं. डॉक्टरांनी दोन दिवस वाढवले, म्हणाले. मला ते खरं वाटलं. ह्या माणसावर गोळ्यांच्या बाबतीत संशय घ्यायचा म्हणजे पुजाऱ्याला आरती येते का विचारण्यासारखं होतं.

नवव्या दिवशी सकाळी त्यांचं अंग तापलं होतं. अंगठा लाल होऊन सूज वर चढली होती. मी शाळेला रजा कळवली आणि ऑटोत घालून त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पाय पाहिला आणि त्यांचा चेहरा बदलला. एवढ्या दिवसांत हे बरं व्हायला हवं होतं, म्हणाले. दोन दिवसांत उतरलं नाही तर यवतमाळला न्यावं लागेल, आणि मग अंगठ्याची हमी नाही. मग त्यांनी विचारलं, कोर्स पूर्ण झाला ना?

“झाला,” काकाजी म्हणाले आणि वर पंख्याकडे पाहू लागले.

मी बावीस वर्षं शिकवते आहे. गृहपाठ न केलेलं पोर नेमकं तसंच पंख्याकडे पाहतं. मी हात पुढे केला आणि म्हटलं, “काकाजी, पाकीट दाखवा.”

ते शर्टाचा खिसा बराच वेळ चाचपत राहिले. शेवटी पाकीट निघालं. मी त्यांच्याच पद्धतीने ते उजेडाकडे धरलं आणि खळगे मोजले. आठ रिकामे, सहा भरलेले. दिवसाला दोन घ्यायच्या तिथे हा माणूस एकच घेत होता.

डॉक्टर संतापले. तुम्ही साऱ्या गावाला शिकवता आणि स्वतः असं करता, असं बरंच बोलले. मी एवढंच विचारलं, “काहून, काकाजी?”

ते फरशीकडे पाहत म्हणाले, “सात दिवसांत संपल्या असत्या, बाई. संपल्या की तुमी कायले आल्या असत्या?”

मला फार लाज वाटली. अकरा वर्षं हा माणूस आमच्या दारात येत होता आणि आम्ही समजत होतो की तो पाकीट पाहायला येतो. घोटभर चहासाठी, दोन शब्दांसाठी त्याला कुणाच्या तरी आजाराचं कारण लागत होतं. स्वतःच्या घरी माणूस यावा म्हणून त्याने स्वतःचा अंगठा पणाला लावला होता, आणि तोही सगळं कळत असताना.

डॉक्टरांनी औषध बदललं. दहा दिवसांचं दिलं, रोज ड्रेसिंग सांगितलं. आता गोळी आमच्या डोळ्यांदेखत घ्यायची असं ठरलं. काकाजी शहाण्या पोरासारखे तोंड उघडून, गोळी जिभेवर ठेवून दाखवत. तिसऱ्या दिवशी सूज उतरू लागली. आठव्या दिवशी डॉक्टर म्हणाले, अंगठा वाचला. कमलाबाईंनी त्या आनंदात पुरणपोळी केली आणि साखरेच्या माणसाला ती चालत नाही म्हणून आम्ही दोघींनीच त्यांच्यासमोर बसून खाल्ली.

दहाव्या दिवशी कोर्स संपला. अकराव्या दिवशी सकाळी साडेआठला मी नेहमीसारखी गेले. काकाजी दाराकडे पाठ करून बाजेवर बसले होते. बाजूच्या स्टुलावर रिकामं पाकीट नीट, सरळ ठेवलेलं होतं.

“संपल्या, बाई,” वळून न पाहताच ते म्हणाले. “तुमची शाळा असन. जा तुमी.”

“पाकीट पाहायला नाही आले,” मी म्हटलं. “चहा मांडा.”

ते उठले, लंगडत स्वयंपाकघरात गेले, आणि बराच वेळ डबे उघडण्या-झाकण्याचा आवाज येत राहिला. मी आत डोकावले. ते साखर शोधत होते. सहा वर्षांत त्या घरात कुणी साखरेचा चहा घेतला नव्हता, आणि साखर कुठे असायची हे काकूंनाच ठाऊक होतं. त्यांनी शर्टाच्या बाहीने डोळे पुसले आणि धूर लागला म्हणून सांगितलं. शेगडी गॅसची होती.

राहू द्या, मी म्हटलं, मी बिनसाखरेचाच घेते.

बिनसाखरेचा चहा मला मुळीच आवडत नाही. आता रोज पिते.