काळ्या दगडावरचे मामा

"माणसं चुकतात, देव चुकतो, पण या हातानं दगडावर आजवर एक काना चुकलेला नाही!"

दिवसातून एकदा तरी मामा हे छाती ठोकून सांगत, आणि छाती ठोकली की खोकत. धंदा थडग्यांचे दगड कोरण्याचा. गावाबाहेर दफनभूमीला लागून पत्र्याची शेड, पुढे छिन्नी-हातोडा, मागे दोन खोल्यांत संसार. शेजार अतिशय शांत! कधी भांडण नाही, कधी वाटीभर साखर मागणं नाही. घरात मामा, मामी आणि बारकी. बारकीचे आईबाप ती लहान असतानाच गेले. तेव्हापासून मामांनी तिला पोटच्या पोरीसारखी वाढवली आणि थेट विद्यापीठात नेऊन बसवली. घराण्यात पुस्तकाची पानं उलटणारी ती पहिलीच. बाकीच्यांनी जन्मभर दगडच उलटेपालटे केले.

तर ही बारकी पहिल्याच वर्षी तीन विषयांत आपटली.

नियम सरळ होता. दोन विषय राहिले, तर ते डोक्यावर घेऊन दुसऱ्या वर्षाला जाता येतं. तिसरा राहिला की वर्षभर घरी बसा. आणि बारकीचा तिसरा विषय कोणता? तर कुठला दगड किती भार सोसतो याचा! पाथरवटाची भाची दगडात नापास!

"बसू दे की वर्षभर," मामी म्हणाल्या. "मला घरात मदत होईल."

"घरी बसलेलं पोर पुन्हा जात नाही!" मामा उसळले. "मीही शाळा सोडून एकच वर्ष घरी बसणार होतो. अजून या दगडापुढे बसलोय!"

मग बारकी चाचरत म्हणाली, "एक वाट आहे, मामा. परीक्षेच्या दिवसांत सांभाळ करणारं माणूस गेलं असेल, तर तिसरा विषयही पुढे न्यायला परवानगी देतात."

"मग झालं तर! तुझे आईबाप आहेत ना गेलेले?"

"ते तेव्हाच गेले. आता पुन्हा कसे जातील?"

"तेही खरंच," मामा सुस्कारले. "माणूस एकदाच मरतो. जपून वापरायला हवा."

ते थोडा वेळ मिशी खाजवत बसले आणि एकदम गुडघ्यावर थाप मारून म्हणाले, "मी मरतो!"

मामींच्या हातातलं पातेलं पडलं. "अहो, अभद्र बोलू नका! जीभ आहे की छिन्नी?"

"कागदोपत्री गं! पोरगी वर गेली की मी पुन्हा जिवंत. काय बारके, पुरावा काय मागतात?"

"मृत्यूचा दाखला किंवा तत्सम पुरावा."

"तत्सम! अगं, तत्सम म्हणजे मीच की! काळ्या दगडावरची रेघ! त्याहून मोठा पुरावा कुणाच्या बापानं पाहिलाय?"

शेडमध्ये कोपरा उडालेला एक काळा दगड पडून होता. गिऱ्हाईक नको म्हणून टाकून गेलं होतं. मामांनी तो पुढ्यात घेतला आणि स्वतःला मनापासून कोरायला बसले. गिऱ्हाइकांना ते एरवी सांगत, "विशेषणं कमी करा, गेलेल्याला ओझं होतं." स्वतःच्या बाबतीत मात्र हात सैल सुटला. कुशल कारागीर झालं, आदर्श मामा झालं, मग छिन्नी जरा खाली सरकली.

"आदर्श पती?" मामी वाकून बघत किंचाळल्या. "अहो, खोटं कोरायलाही काही मर्यादा! गेल्या महिन्यात मला ताप होता, तेव्हा साधा चहा तरी केलात का?"

"दगडावर भांडण करायचं नसतं," मामा फुंकर मारत म्हणाले आणि ती सगळी धूळ पुन्हा नाकात ओढून घेऊन खोकत सुटले.

शेवटी तारीख पडली, ऐन परीक्षेतली. दगडाशेजारी बारकीला बसवून फोटो काढला. रडू येईना, तर मामांनी चिमूटभर दगडाची धूळ तिच्या डोळ्यांत फुंकली. असं पाणी वाहिलं की मामांनाच गहिवरून आलं! "किती रडतेय गं माझ्यासाठी!" म्हणत त्यांनीही डोळे पुसले.

विद्यापीठाच्या खिडकीवरच्या बाई फोटो बघून हळहळल्या. बारकीने जाण्याआधी ती चिमूट पुन्हा वापरली होती. डोळे लाल, नाक लाल. बाईंनी तिला आत बोलावून पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला आणि अर्ज मंजूर केला. बारकी तीन विषय डोक्यावर घेऊन दुसऱ्या वर्षात दाखल झाली!

इथं गोष्ट संपायला हवी होती. पण खिडकीवरच्या बाईंच्या सासऱ्यांचा दगड मामांकडेच कोरायला होता. "पाथरवट गेला!" ही बातमी त्यांच्या घरून निघाली आणि ज्यांचे ज्यांचे दगड अर्धवट होते, ते सगळे मामींच्या दारात सांत्वनाला येऊन थडकले. मामांनी धावत जाऊन उभ्या दगडांच्या मागे बैठक मारली.

"फार मोठा कारागीर," एकजण म्हणाला. हाच माणूस आदल्या महिन्यात अक्षरं तिरकी आली म्हणून शिव्या देऊन गेला होता! दगडामागे मामांचा जीव गुदमरला, आणि खोकला सुटला.

सगळे दचकले. मामींनी पदर डोळ्याला लावला. "त्यांचा खोकला अजून घरात फिरतो हो!"

लोक लगबगीने उठले. जाता जाता एकाने मात्र विचारलं, "पण वहिनी, आमचा दगड आता कोण पुरा करणार?"

"त्यांचे धाकटे भाऊ," मामी बोलून गेल्या.

दुसऱ्या दिवशी मामांना मिशी काढावी लागली! ते स्वतःचेच धाकटे भाऊ झाले आणि स्वतःच्याच शेडमध्ये नव्याने कामाला लागले. हात तोच, छिन्नी तीच. पण गिऱ्हाईक दगड न्यायला आलं की नाक मुरडायचं. "छान आहे, पण थोरल्याच्या हाताची सर नाही!"

"मरावं तेव्हा कळतं लोकांना," रात्रीच्या जेवणाला मामा कुरकुरत. "जिवंतपणी बरा नव्हतो, मेलो तर उत्तम झालो, आणि पुन्हा जगायला गेलो तर बिघडलो!" बारकी पोट धरून हसे. मामाही हसत, पण हसणं अलीकडे खोकल्यात जाऊन अडकायचं आणि लवकर बाहेर येत नसे.

वर्षभर ते अडकतच गेलं. मामी दवाखान्यात जायला सांगत, मामा म्हणत, "मेलेला माणूस दवाखान्यात कुठल्या तोंडानं जाणार?" शेवटी जावं लागलं. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडाकडे धरून विचारलं, "काम काय करता?" मामांनी सांगितलं. डॉक्टरांनी फोटो खाली ठेवला. इतकी वर्षं जी धूळ फुंकून उडवली, ती सगळी आत जाऊन बसली होती.

बारकीच्या दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेत, अगदी मधोमध, मामा गेले. खरोखरचे गेले.

"पेपर बुडवू नकोस" हे त्यांचं शेवटचं बोलणं, म्हणून बारकी दुसऱ्या दिवशी पेपरला जाऊन बसली. प्रश्न दिसत होते, कळत नव्हते. निकाल लागला. पुन्हा तीन विषय! त्यात दगडाचा होताच.

सांत्वनाला लोक आले. तेच लोक! "अरेरे, वर्षाच्या आत दोन्ही भाऊ! हाही बरा होता हो. थोरल्याइतका नाही, पण बरा होता." मामींनी मान हलवली. आपल्याच नवऱ्याची बाजू घ्यावी, तर कुणाच्या विरुद्ध घ्यावी ते त्यांना समजेना.

बारकी खिडकीवर गेली. बाईंनी तिला लगेच ओळखलं.

"माझे मामा गेले," बारकी म्हणाली.

"हो ना. गेल्या वर्षी. आठवतंय मला, किती रडला होतात!"

बारकीच्या पिशवीत दाखला होता. खरा, सहीशिक्क्याचा. पण तो बाहेर काढला की गेल्या वर्षीचा मामा खोटा ठरणार, आणि खोटं पकडलं की विद्यापीठाचं दार कायमचं बंद होणार. तिने पिशवीचं तोंड घट्ट धरलं.

"ते... हे धाकटे मामा."

"तुमचा सांभाळ थोरले करत होते ना? मग धाकटे नियमात बसत नाहीत." बाईंनी चष्म्यावरून बारकीचे कोरडे ठणठणीत डोळे पाहिले आणि आवाज खाली केला. "एक सांगू? दरवर्षी एकेक मामा आणू नये. खरं दुःख आम्ही लगेच ओळखतो. गेल्या वर्षी तुम्हाला उभं राहवत नव्हतं!"

बारकीला हसू यायला हवं होतं. मामा असते तर खोकला येईपर्यंत हसले असते. ती तशीच वळली आणि चालत घरी आली. रस्ताभर तिला रडू आलं नाही, त्याचीच तिला लाज वाटत राहिली.

शेडमागे मामांच्या डोक्याशी तोच दगड उभा केला होता. "चांगला दगड वाया घालवायचा नाही," असं मामा बजावून गेले होते. कोपरा उडालेला, विशेषणं सगळी जागच्या जागी, आणि तारीख एक वर्ष आधीची. मामांच्या हातून दगडावर झालेली ती एकच चूक.

"मामी, मी वर्ष बदलू का?" बारकीने विचारलं. "आता घरीच आहे. बसले मी घरी."

मामी दगडावरची धूळ पदराने पुसत होत्या. पुसत पुसत खालच्या ओळीपर्यंत आल्या आणि तिथे त्यांचा हात थांबला.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "तारीख खोटी आहे, तर असू दे. हे 'आदर्श पती' तेवढं मी उगाच खोटं म्हटलं होतं."

आणि मग बारकीला, धुळीची चिमूट न लागता, असं रडू फुटलं की खिडकीवरच्या बाईंनी पाहिलं असतं, तर तिला थेट तिसऱ्या वर्षात घातलं असतं!