फणसाचं कपाट आणि उंबऱ्यावरची गौर

"सुतार नको, खिळा नको, प्लायवुडचा तुकडाही नको! अस्सल फणसाचं कपाट मी स्वतः करणार. पणतवंडं वापरतील, पणतवंडं!"

कुशलने भर पंगतीत ही घोषणा केली, तेव्हा आवेशात त्याच्या हातातला भात पाटावर सांडला. शब्द मात्र खाली पडू द्यायला तो तयार नव्हता.

कुशल न्हावा शेव्याच्या एका मालवाहतूक कचेरीत होता. दिवसभर कंटेनरचे कागद पुढे सरकवायचे, एवढंच त्याच्या हातांना ठाऊक. पण श्रीवर्धनच्या वाडीतला फणस वादळात आडवा झाला, त्याच्या हळदीसारख्या पिवळ्या फळ्या निघाल्या, आणि कुशलच्या आत झोपलेला सुतार जागा झाला. तो झोपलेलाच बरा होता, हे पुढे साऱ्या आळीला कळायचं होतं.

फळ्या त्याच्या उलव्याच्या फ्लॅटवर गेल्या. लाकूड वाळायला हवं, म्हणून एसीच्या खोलीत फळ्या निजल्या आणि नवराबायको हॉलमध्ये पंख्याखाली!

"मी लग्न करून आले तेव्हा माझ्यासाठी नव्हता हो एसी बसवलास," प्रणाली म्हणाली.

"अगं, लाकूड नाजूक असतं."

"आणि मी?"

या प्रश्नावर कुशलने रंधा मारायला घेतला.

गावच्या तुळशीराम सुताराने त्याला फळ्या कापतानाच बजावलं होतं, "भाऊ, दाराच्या चौकटीला आतून खाच मारा नि मधली फली खाचंत मोकली सोडा. गोंदाचा थेंब लावू नका. लाकूड मेलं तरी त्याची तहान मरत न्हाय. पावसात पितं नि फुगतं, उन्हात आवलतं. त्याला अंग हलवायला जागा ठेवा."

कुशलने अगदी तसंच केलं. पण दार बसवून हलवून पाहिलं, तर फळी खाचेत खडखड, खडखड!

"हे कपाट आहे की खुळखुळा?" प्रणाली हसली.

झालं! वार वर्मी लागला. कुशलने दाराच्या खाचांमध्ये गोंद असा ओतला, जसं श्राद्धाच्या जेवणात तूप. वर शिकंजे आवळले. दुसऱ्या दिवशी दार गप्प! मास्तरांनी डोळे वटारल्यावर वर्ग होतो तसं.

मे महिन्यात कपाट टेम्पोने श्रीवर्धनला आलं. कुशलच्या आईने, सरोजिनीबाईंनी, दार चार वेळा उघडलं, मिटलं, आणि भरल्या डोळ्यांनी म्हणाल्या, "आता गौरीचा मुखवटा यातच ठेवू. आणि यंदा गौर प्रणाली आणील हो."

लग्नाला अकरा वर्षं झाली, पण हा मान सासूबाईंनी अजून कुणाच्या हाती दिला नव्हता. प्रणालीने त्या दिवसापासून तारखा मोजल्या.

भाद्रपद आला. सुपारीच्या वाड्या निथळत होत्या, कुंपणाकुंपणाला तेरडा गुलाबी फुलला होता. त्याच तेरड्याची गौर डोक्यावर घेऊन, नऊवारीत, प्रणाली अंगणात उभी राहिली. मागे आळीतल्या बायका. मुखवटा लागल्याशिवाय गौरीने उंबरा ओलांडायचा नाही, हा या घरचा रिवाज. आणि तीनच्या आत ती घरात यायला हवी, असं भटजींचं सांगणं. घड्याळात सव्वादोन.

"कुशल, मुखवटा आण रे!" आईंची हाक आली.

कुशल ऐटीत गेला. दार ओढलं. दार ढिम्म! दोन्ही हातांनी ओढलं. तरीही ढिम्म. मुठीला दोरी बांधून ओढलं, तर आख्खं कपाटच बोकडासारखं पाय रोवत तीन पावलं पुढे आलं. मग मूठ निसटली आणि कुशल थेट फुलांच्या परडीत!

"गौर कशाच्या पावलांनी आली?" अंगणातून बायकांनी विचारलं.

"अजून आलीच नाही!" प्रणाली ओरडली. "मान मोडायला आली माझी! कुशल, काय करतोयस आत?"

"दोन मिनिटं! लाकूड जरा भिजलंय!"

त्याने तिचा केस वाळवायचा ड्रायर आणला आणि दाराला वारा घालू लागला. पाच मिनिटं, दहा मिनिटं. फट्! घरातली वीजच गेली.

"घाव घालून फोड ते दार!" आई म्हणाल्या.

"आत मुखवटा आहे, आई! त्याच्यावर घाव बसला तर?"

अडीच वाजले. प्रणालीच्या डोळ्यांत पाणी. शेजारच्या नेत्रावहिनींनी तेवढ्यात ओवी जुळवली:

"गौराई माझी बाई, उभी गं दारात,
तिचं मुख कोंडलं, शहाण्याच्या कपाटात!"

निरोप मिळताच तुळशीराम स्वतःच्या घरची गौर सोडून नव्या सदऱ्यात धावत आला. दारावर कान ठेवून त्याने टकटक केलं.

"भाऊ, गोंद घातलात?"

"थोडासा."

"थोडासा म्हंजे किती?"

"...दीड डबा."

तुळशीरामने दाराकडे पाहून हात जोडले आणि कपाटामागे शिरला. वरची पट्टी ठोकून सैल केली, पाठीच्या फळीला दोन बोटं लावली, आणि फळी खाचेतून अलगद वर सरकली, जशी लोण्यातून सुरी! पितळी मुखवटा आत हसत होता.

पावणेतीन! गौर सोन्याच्या पावलांनी आली. प्रणालीने तिला मखरात बसवलं तेव्हा सासूबाईंनी पदराने तिचा घाम टिपला.

तुळशीराम मात्र अजून पाठच न्याहाळत होता. "भाऊ, ही फली कोनी बसवली? येकदम कायद्यात हाय. सुताराच्या पोराला जमनार न्हाय अशी!"

"मीच!" कुशलची छाती फुगली, दारापेक्षाही. "लाकडाला श्वास घेऊ द्यावा लागतो, तुळशीराम. शास्त्र आहे ते."

"गोंद संपला होता," प्रणालीने आतून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई लगबगीने आल्या. "कुशल, आळीतल्या हरेश्वरभावजींना कपाट करून घ्यायचंय. तुझंच नाव काढलं हो त्यांनी!"

"बघ!" कुशल प्रणालीकडे वळला. "कळलं ना लोकांना काम? आई, किती दारांचं हवंय त्यांना?"

"दारं तुळशीराम करील, म्हणाले," आई म्हणाल्या. "तुझ्याकडून फक्त पाठ हवीय."