भिंतीची दुसरी बाजू

अमर बोधनकरांची नवी कोरी गाडी बंगल्यापासून दोनशे पावलांवर काळ्या मातीत पोटापर्यंत रुतली, तेव्हा मागच्या सीटवर लेक सलोनीचं लग्न ठरवायला आलेले त्यांचे होणारे व्याही, विहीणबाई आणि पेढ्यांचा डबा होता. पाहुण्यांची गाडी बुटकी, म्हणून ती दिग्रसच्या रस्त्यावरच ठेवायला लावून अमरराव त्यांना मोठ्या ऐटीत घेऊन येत होते.

बंगल्यातून पत्नी उज्ज्वलाबाईंचा फोन आला, "पुऱ्या तळायला घेऊ का?"

"थांब जरा. ट्रॅक्टर बोलावलाय."

ट्रॅक्टर आला आणि गाडीच्या मागेच रुतला.

आता उरली फक्त शेजारच्या तांड्यातल्या भीमसिंगची बैलजोडी. आणि तिथेच पंचाईत होती. दोन वर्षांपूर्वी बंगला बांधताना अमररावांनी आपल्या जमिनीतून जाणाऱ्या जुन्या गाडवाटेवर आडवी भिंत घातली होती. धूळ उडते, शेण पडते, म्हणून. तेव्हापासून तांडा नाल्याकडून वळसा घालून शेतात जाई आणि बोधनकरांना रामराम करत नसे.

रेशमी कुर्ता, एकाच पायात बूट, अशा अवतारात अमरराव भिंतीपाशी आले. "भीमसिंगभाऊ!"

पलीकडून फेट्यासकट डोकं वर आलं. "आज भाऊ?"

"गाडी फसली हो. बैल आणता?"

"आनतो ना. पन येऊ कुठून? नाल्याले पूर हाये, आन् इथं भिंत हाये."

अमररावांनी आपल्याच भिंतीकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"थ्या जागी गाडी फसनारच, साहेब. आमच्या बुढ्यानं ही वाट उगीच नाही काढली, खाली खडक हाये. तुमी खडकावर भिंत बांधली आन् चिखलात रस्ता!"

तेवढ्यात उज्ज्वलाबाईंचा पुन्हा फोन. "अहो, सलोनी रडतेय. पाहुणे परत गेले का?"

अमररावांनी फोन खिशात टाकला. "पहार आहे का हो तुमच्याकडे?"

पहिला घाव त्यांनीच घातला. तिसऱ्या घावाला धाप लागली, तेव्हा चिखल तुडवत आलेल्या व्याह्यांनी कोट काढला. "द्या इकडे. भिंती बांधण्यात जन्म गेला, पाडायची हौस राहिली होती."

भगदाडातून बैल आले. आधी गाडी निघाली, मग ट्रॅक्टर. तोवर भीमसिंगच्या बायकोने, रुपीबाईने, विहीणबाईंना घरी नेऊन पाय धुवायला पाणी दिलं, चहा पाजला. भोवती जमलेल्या पोरांना विहीणबाईंनी कौतुकाच्या भरात सगळे पेढे वाटून टाकले.

"पेढे तर वाटून झाले," व्याही म्हणाले. "आता लग्न ठरवणं भाग आहे."

संध्याकाळी ते ठरलंही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अमरराव भगदाडाशी उभे राहिले. मन भरून आलं होतं. "भीमसिंगभाऊ, चुकलो मी. उद्या माणसं लावून सगळी भिंत पाडतो."

"पाडता?" पलीकडच्या घरातून रुपीबाई तरातरा आली. "कायले पाडता? आमाले इचारलं काय?"

अमरराव गोंधळले. "अहो, तुम्हाला त्रास होतो ना तिचा?"

"वाट पाह्यजे, थे मोकयी झाली. भिंतीनं काय केलं तुमचं? या असे इकडं."

दोन वर्षांत प्रथमच ते पलीकडे गेले. त्यांच्या भिंतीवर दोडक्याचा वेल चढला होता आणि उरलेल्या जागेत, पाची बोटं उमटलेल्या गोवऱ्या एका रांगेत वाळत होत्या. सावलीत दोन म्हाताऱ्या निवांत बसल्या होत्या.

"पाहा," रुपीबाई म्हणाली. मग आवाज थोडा खाली आणून, "साहेब, सुनेच्या गोवऱ्याले जागा पुरत नाही. त्या कोपऱ्याकून भिंत आनखी दहा-पंधरा फूट वाढवून देसान काय?"