गंधबिरोज्याची पुरचुंडी

गौरांगचं नाक तीन दिवसांपासून बंद होतं आणि कामिनीचा आत्मविश्वास आठ महिन्यांपासून. (गौरांग आठ महिन्यांचाच.)

सकाळी कुही गावाहून सासूबाईंचा, प्रेमिलाबाईंचा फोन आला. "ओवा अन् राळ टाकून धुरी दे वं त्याले. मी येऊनच राहिली."

डॉक्टरांनी बजावलं होतं, धूर नको, छातीला काही चोळू नका. आता डॉक्टरांना दुखवायचं की सासूबाईंना? कामिनीने मधला मार्ग काढला. चीडाच्या झाडाचा चीक, म्हणजे गंधबिरोजा, जुनी माणसं सर्दीपासून गळवापर्यंत सगळ्याला वापरत. त्याची पुरचुंडी बांधून पाळण्यापासून लांब, खिडकीला टांगायची. धूर नाही, चोळणं नाही, वास मात्र घरभर.

इतवारी बाजारातला जडीबुटीवाला चंद्रभान बिरोज्याचा गोळा देताना म्हणाला होता, "हाताले आधी तेल लावजा, ताई." कामिनी नुसती हसली. नववीला विज्ञान शिकवणाऱ्या बाईला हे कोण सांगणार?

नंदनवनच्या आपल्या फ्लॅटमध्ये येऊन तिने गौरांगला पाळण्यात निजवलं, कोमट पाण्यात वाटी ठेवून गोळा मऊ केला आणि कणीक मळावी तसा दोन्ही हातांनी मळला. पुरचुंडीसाठी मलमलीचा तुकडा उचलला, तो उजव्या हाताला चिकटून बसला. डाव्या हाताने सोडवायला गेली, तर डावाही तिथेच मुक्कामाला. साबणपाण्याने चीक आणखी घट्ट झाला. (राळ पाण्यात विरघळत नाही, हे तिने याच वर्षी फळ्यावर लिहिलं होतं.)

तेवढ्यात गौरांग उठला. आधी कुरकुर, मग टाहो. कामिनी पाळण्याशी धावली आणि थबकली. हे हात त्याच्या डोळ्यांना लागले तर? ती जोडलेले हात उंच धरून "ओ बाळा, ओ राजा" करत राहिली. बाळ लालबुंद झालं. श्वास घ्यायला नाक नाही, रडायला तोंड एकच.

दारावर प्रेमिलाबाईंची थाप पडली.

"कामिनी, दार काहून उघडत नाही?"

"हात गुंतले आहेत, आई."

"कायच्यात?"

"औषधात."

कोपराने कडी सरकवेपर्यंत आतला आवाज बंद पडला. पार बंद. "आई, गौरांग..." कामिनी पाळण्याकडे मान वळवून ओरडली.

प्रेमिलाबाईंनी पिशवी दारातच टाकली, आत धावल्या, बाळाला हातावर पालथं घेतलं आणि पाठीवर थोपटलं. एक क्षण. दुसरा. मग गौरांग असा शिंकला की तीन दिवसांचा ऐवज सासूबाईंच्या नव्या पातळावर आला. पाठोपाठ त्याने नाकाने लांब श्वास ओढला आणि आईच्या जोडलेल्या हातांकडे बघून खुदकन हसला.

कामिनीला डोळे पुसायलाही हात मोकळा नव्हता.

प्रेमिलाबाईंनी खोबरेल आणून तिच्या तळव्यांवर ओतलं. बराच वेळ चोळलं. एकेक बोट सुटत गेलं.

"रागावल्या का, आई?"

"कायले रागावू? तुझे हात अडकले म्हणून लेकरू पोटभर रडलं, अन् रडलं म्हणून तर नाक मोकळं झालं," त्या पदर पुसत म्हणाल्या. "गुणाचं आहे वं तुझं औषध. फक्त लेकराले नाही, मायच्या हाताले लावा लागते."