सदोबामामाने पाळलेला सोमवार

सदोबामामा रविवारी डोक्यात आलेल्या गणितांना खाली बसायला सांगत असे. खरेच सांगत असे, आणि मोठ्याने. जेवता जेवता एखादे त्रैराशिक मनात उभे राहिले, की घास हातात तसाच धरून तो म्हणे, "बस खाली! आज रविवार हाये. उद्या ये." मग आमच्याकडे पाहून, "ऐकत नाई लेकाचं," असे म्हणून पुढचा घास घेई.

बाळांनो, तुम्ही त्याचा फोटो मागितला होता. तो कधी काढलाच नाही, म्हणून हे लिहून पाठवते आहे. मामा म्हणजे माझ्या आईचा धाकटा भाऊ, पातूरजवळच्या खेड्यातला. अमेरिकेत लढाई चालली होती, तिकडचा कापूस थांबला होता आणि आपल्या वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचा भाव आला होता, त्या दिवसांतली ही गोष्ट. आम्ही अकोल्यात राहत होतो. बाबा सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होते. गावात ख्रिस्ती घर आमचे एकच. प्रार्थनेला जमणारी मंडळी म्हणावी अशी अमरावतीला, तीही पाच-सहा घरांची. सरकारने मास्तर तयार करण्यासाठी अकोल्यात नवी शाळा काढली होती, तिला सगळे कॉलेज म्हणत. तिथे शिकण्यासाठी मामा आमच्याकडे येऊन राहिला. त्याच्या बरोबरीची पोरे कापसाच्या दलालीत शिरून हातात चांदीची कडी घालून फिरत होती. मामाला मात्र मास्तरच व्हायचे होते.

शनिवारी संध्याकाळी त्याची धांदल बघण्यासारखी असे. रविवारी काम करायचे नाही, म्हणून पाण्याचे हंडे भर, लाकडे फोड, धोतराची घडी कर. पुस्तकांचे गाठोडे तो तीन गाठी मारून बांधी. आई म्हणे, "सदा, देवानं सातव्या दिवशी आराम केला, पण साव्या दिवशी त्याची अशी पळापळ नसंन झाली!"

कॉलेजात पहिल्याच दिवशी हेडमास्तरांनी बजावले होते, "हे सरकारी कॉलेज आहे. इथे धर्म चपलांबरोबर दाराबाहेर ठेवायचा." दुसऱ्या दिवसापासून मामा दारात चपला काढल्यावर क्षणभर डोळे मिटून उभा राहू लागला. पोरे चिडवू लागली, "काहून रे सदोबा, तुह्या येसूले उन्हात उभं करून आला का?"

मामा शांतपणे म्हणे, "त्यो कवाचाच आत जाऊन बसला. मीच मांगं राह्यलो."

वर्गात त्याच्या हातचे पाणी कोणी घेत नसे. बाळापूरचा करीम तेवढा घेई. "दे रे पादरी, तुहं पानी थंडं रायते," असे सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणून घेई.

त्या थंडीत परीक्षा आली. ती पास झाल्याशिवाय सर्टिफिकेट नाही, आणि सर्टिफिकेटाशिवाय मास्तरकी नाही. नेमके त्याच आठवड्यात अमरावतीला माझ्या आत्याचे लग्न होते. आम्ही सगळे बैलांच्या दमणीत बसून निघालो. मामा अभ्यासासाठी मागे राहिला आणि दुसऱ्याच दिवशी तापाने पडला. उठला तेव्हा किती दिवस गेले हे त्याला कळेना. पण बाजाराची वाट आमच्या दारावरून जात असे, आणि बाजार रविवारी भरे. मामाने दार उघडले. कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती. म्हणजे आज रविवार, परीक्षा उद्या. त्याने अंघोळ केली, धुतलेले धोतर नेसला आणि समाधानाने रविवार पाळायला बसला.

पण त्या वर्षी कापूस इतका येत होता, की रविवारचा बाजार रविवारी संपतच नव्हता. तो दिवस सोमवार होता.

सकाळचा गणिताचा पेपर असा बुडाला. मधल्या सुट्टीत करीम आमच्या घरी धावला. त्यांचे पुढचे बोलणे मला मामामुळेच पाठ झाले आहे.

"पादरी, पेपर सोडून घरी काय करून राहिला?"

"आज रविवार हाये."

"सोमवार हाये, बाप्पा!"

"मंग बाजार कसा भरला?"

"कालच्याच गाड्या हायेत त्या! कापूस मावून नाई राहिला!"

दोघे पळत सुटले. वाटेत करीमने शिकवले, "हेडमास्तराले ताप सांग. खोटं थोडीच हाये?"

"ताप काल होता. आज नव्हता."

"अरे, एका दिवसाचा तं फरक!"

"त्याच फरकापायी मेलो ना, करीम."

हेडमास्तरांपुढे मामाने सांगून टाकले, "साहेब, मी घरी रविवार पाळून राहिलो होतो." वर्ग खो खो हसला. हेडमास्तर हसले नाहीत.

"धर्माची सबब इथे चालत नाही."

"हो जी."

"आजारपणाची चालते. आजारी होतास?"

"काल होतो जी."

हेडमास्तरांनी नियमांचे पुस्तक काढले आणि सावकाश चाळले. "धर्मासाठी सवलत नाही," ते म्हणाले. "पण वार चुकल्याची शिक्षाही यात कुठे दिसत नाही. आता दुपारचा पेपर लिही. गणिताचा उद्या सकाळी, माझ्यासमोर. आणि लक्षात ठेव, उद्या मंगळवार आहे."

मामा पास झाला आणि जन्मभर मास्तर राहिला. रोजच्या प्रार्थनेत तो त्या हेडमास्तरांचे नाव घेऊन आभार मानी. त्यांना हे कळते, तर त्यांनी तेही दाराबाहेर ठेवायला लावले असते.

मामा वारला तेव्हा करीमचाचा आम्हाला भेटायला आले. मी त्यांना एक जुनी शंका विचारली. सुट्टी तासाभराची, घर दहा मिनिटांवर. मग पळत जाऊनही तुम्ही दोघे इतक्या उशिरा, सुट्टी संपल्याची घंटा होता होता कसे पोचलात?

चाचा म्हणाले, "दारातून पाह्यलं, तं तो डोळे मिटून दुवा मांगून राहिला होता. तशा मानसाले कसा उठवू? आत जाऊन बसलो."

रिकाम्या खोलीत मामाने आमची सगळ्यांची बसायची बस्करे मांडली होती. आईचे, बाबांचे, माझे, रोजच्या जागी. गाण्याची एक ओळ तो म्हणे, आणि आमची ओळ व्हायला जेवढा वेळ लागे तेवढा वेळ गप्प राही. चाचा सगळ्यांत मागच्या लहान बस्करावर बसले. ते माझे. प्रार्थना संपली तेव्हा त्यांच्या तोंडून आपसूक 'आमीन' निघाले.

"मग मामा काय म्हणाला?"

"हासत हासत मांगं वळला, बेटी," चाचा म्हणाले. "त्याले वाटलं, तुमी आले."