मदरबोर्डला हळदकुंकू

कॉम्प्युटरबद्दल मला कोणी शिकवू नये. टेलिफोन खात्यात उभा जन्म काढलाय मी. मी वायरींना घाबरत नाही, वायरी मला घाबरतात! त्यामुळे २००७ च्या दसऱ्याला ठरवलं, यंदा कॉम्प्युटरची पूजा शास्त्रशुद्ध करायची. आमची ही डब्यावर बाहेरूनच हळदकुंकू लावायची, वर झेंडूचं फूल ठेवायची आणि मोकळी व्हायची. म्हणजे देवळाच्या दाराला नमस्कार करून घरी परत! अहो, राबतो तो आतला मदरबोर्ड. मान त्याचा.

ही गेली तेव्हा आमचा मुलगा योगेश तिच्या दिवसांना अमेरिकेहून आला होता. त्यानंतर आलेला नाही. रविवारी सकाळी कॅमेऱ्यावर दिसतो, तेवढाच. बाकी आठवडाभर वारज्याच्या या फ्लॅटमध्ये मी आणि कुकर. फार एकटं वाटतं, त्यात लपवण्यासारखं काय आहे?

तर, दसरा रविवारीच आला होता. स्क्रू काढून मी डब्याचं झाकण उघडलं. आत हिरवा बोर्ड, त्यावर रॅमच्या पट्ट्या, घड्याळात असतो तसा गोल सेल आणि मधोमध डोक्यावर पंखा घेऊन बसलेला प्रोसेसर. सगळं फडक्याने पुसून घेतलं. त्यात माइकची वायर निसटली, ते माझ्या लक्षात आलं नाही. मग सगळ्यांना चिमूटचिमूट हळदकुंकू वाहिलं. प्रोसेसर घरातला कर्ता, म्हणून त्याला चांगलं मूठभर कुंकू.

योगेशची वेळ झाली होती. घामाने निथळत मी वाकून बटण दाबलं. पंखा गरगरला आणि प्रोसेसरने सगळं कुंकू मला साभार परत केलं! कपाळ, गाल, पांढरा बनियन, सगळं लाल. डोळे चोळले, तर ते मानेपर्यंत ओघळलं. तेवढ्यात पडद्यावर योगेश.

काही नाही रे, असं मी म्हणालो. त्याला ऐकूच जाईना. पूजा केली हे समजावं म्हणून मी मशीनकडे बोट दाखवलं आणि डोळे मिटून हात जोडले. लाल तोंडाचा बाप डोळे मिटून नमस्कार करतोय म्हटल्यावर पोराने थेट शेजारच्या विमलाबाईंना फोन लावला. त्या अर्धी सोसायटी घेऊन आल्या. कोंडीराम वॉचमनने जिन्याशी रिक्षाही आणून उभी केली. विमलाबाईंनी आपला मोबाइल माझ्या कानाला लावला.

"बाबा, बोलू नका. मी येतोय. उद्याचंच तिकीट काढतो."

येतोय म्हणाला! मी खरं सांगायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. विमलाबाईंनी माझ्या गालावरून बोट फिरवलं, हुंगलं आणि फोन काढून घेतला.

"योगेश, कुंकू आहे ते. तुझ्या बाबांनी मशीनची पूजा केली, मशीनने त्यांची. काळजी करण्यासारखं नवीन काही नाही."

तो इतका हसला की खोलीभर ऐकू आलं. म्हणाला, "घाबरवलंत बाबा! मग आता नको धावपळ. पुढच्या वर्षी बघू." मीही हसलो, बरं म्हणालो.

माझ्या हातावर आपट्याची पानं ठेवून सगळे आपापल्या घरी गेले. मी आरशात पाहिलं. खरं सांगू? तेवढं हुबेहूब रक्त वाटत नव्हतं. थोडं पाणी जास्त हवं होतं.